खाडीअल्याड एक नारळ, पल्याड एक

आमच्या घरात मार हा रोजच्या जेवणातला पदार्थ होता. आई हाताला जे लागेल त्याने मारायची, बाबा नुसत्या हाताने. पण बाबांचा हात लहानपणापासून रापणीचा दोर ओढून घट्टे पडलेला. तो पाठीवर बसला की दोन दिवस पाठ आपली वाटायची नाही. मला वाटतं, किनाऱ्यावरच्या आम्हा लोकांना सावकाश बोलता येतच नाही. एक तर समुद्राचा आवाज, त्यात वारा, त्यात पन्नास माणसं दोराला लागलेली. जे सांगायचं ते ओरडून सांगायचं, आणि ओरडून कळलं नाही तर ढकलून सांगायचं. तीच सवय उंबरठ्याच्या आत यायची. एकदा माझ्या हातून भात करपला म्हणून आईने मला उलथन्याने झोडपलं आणि संध्याकाळी तिनेच माझ्या पाठीला खोबरेल चोळलं. चोळता चोळताही शिव्या चालूच होत्या. आता माझ्या खानावळीत मुंबई-पुण्याची पोरं येतात, माझं बोलणं ऐकून म्हणतात, काकू किती प्रेमळ आहेत. मी त्यांना कोलंबीचं कालवण वाढते.

घर चिऱ्याचं, समुद्रापासून शंभर पावलांवर. पुढे शेणाने सारवलेलं खळं, तिथे सुकत घातलेला बांगडा, आणि त्यावर नजर ठेवून बसलेले कावळे. सकाळी दहाच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज व्हायची, मोठ्या टोपात, चुलीवर रटरटत. सोबत भाजलेला सुका बांगडा आणि खोबऱ्याचा तुकडा. रापण ओढून आलेले पुरुष त्या पेजेवर तुटून पडायचे आणि दहा मिनिटं घरात फक्त भुरके ऐकू यायचे. आयुष्यात मला शांतता म्हणून जे माहीत होतं, ते एवढंच. ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: होडीतून समुद्रात लांबच लांब जाळं टाकायचं, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणायची आणि गावाने मिळून ती ओढायची. मिळेल ते सगळ्यांत वाटायचं. आमच्या रापणीवर साठ घरं जगत होती. बाबा तिचे मुख्य, आणि त्यांच्या खालोखाल त्यांचा चुलत भाऊ विठूकाका. ह्या विठूकाकाने मला पोहायला शिकवलं. शिकवलं म्हणजे होडीतून उचलून पाण्यात फेकलं आणि वर आल्यावर म्हणाला, "इली बघ, म्हावरा जिता आसा."

साठ घरांचा वैरी एकच होता, ट्रॉलर. आणि चार ट्रॉलर आमच्याच गावातल्या बाबलशेटचे. बर्फाचा कारखाना त्याचा, ट्रॉलर त्याचे, बंदरावरची दुकानंही त्याचीच. त्याचे ट्रॉलर किनाऱ्याला चिकटून यायचे, तळ खरवडून न्यायचे, आणि मग आमची रापण दोन तास ओढून बाहेर काढली की जाळ्यात शेवाळ आणि चार खेकडे. एकदा आमच्या लोकांनी होड्या घालून त्याचा एक ट्रॉलर वेढला. वल्ह्यांनी त्यावरच्या तांडेलाचा खांदा मोडला, त्यांनी आमच्या दोघांची डोकी फोडली. त्या दिवशी किनाऱ्यावर रक्त सांडलेलं मी पाहिलं. बाया ओरडत होत्या, पण भीतीने नाही. मारा, सोडू नका, असं ओरडत होत्या. त्यात माझी आई होती आणि मीसुद्धा होते.

मी तेव्हा डी.एड. होऊन दोन वर्षं घरी बसले होते. वाडीत तेवढं शिकलेली मी एकटीच. आईबरोबर मासळीची टोपली घेऊन बाजारात बसायचे, आणि ओळखीच्या मुली साडी नेसून शाळेत शिकवायला जाताना दिसल्या की मान खाली घालून पापलेटावरचे खवले काढत राहायचे. खाडीपलीकडच्या गावात तात्यांची शिक्षणसंस्था होती. तिथे प्राथमिकला एक जागा रिकामी होती आणि मला ती हवी होती. इतकी हवी होती की रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं. हे स्पष्ट लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझा हात नव्हता असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगत आले.

त्या वर्षी जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी पक्षात दोघे उभे राहिले. एक बाबलशेट, दुसरे तात्या. वरच्या पुढाऱ्यांना दोघांपैकी कुणालाच दुखवायचं नव्हतं, म्हणून त्यांनी निवाडा खाली ढकलला: मतदारसंघातल्या पंधरा गावांचे पक्षाचे पंधरा अध्यक्ष चिठ्ठी टाकतील, ज्याला जास्त चिठ्ठ्या त्याला तिकीट. आमच्या गावचे अध्यक्ष बाबा. ते पद म्हणजे प्रचाराला चटया घालणं आणि पुढारी आला की हार आणणं. पण त्या पंधरा दिवसांत आमच्या खळ्यात जितक्या गाड्या लागल्या तितक्या माझ्या लग्नालाही पुढे लागल्या नाहीत. कुणाला रेशन दुकान मिळालं, कुणाच्या वाडीला नळ आला, कुणाच्या भावाची बदली कुडाळला झाली. मतं अशी चालली होती, बाजारात सुरमई जाते तशी, डोळ्यांदेखत.

बाबलशेट एका सकाळी चालत आला. त्याला चालताना मी पहिल्यांदाच पाहत होते. रापणीच्या सगळ्यांसमोर म्हणाला, "तिकीट माका गावला तर माझे ट्रॉलर धा वाव पाण्याच्या आत येवचे नाय. रवळनाथासमोर सांगतंय." म्हणजे किनाऱ्यालगतचं पाणी रापणीला मोकळं. साठ घरांना ह्याहून मोठं काय हवं होतं? सगळे तसेच उठून त्या आमच्या गावदेवाच्या देवळात गेले. बाबलशेटने देवापुढे नारळ ठेवला, बाबांनी त्यावर हात ठेवून आपलं मत त्याला असल्याचा शब्द दिला. असे एकूण आठ अध्यक्ष त्याने त्या देवळात आणले, आठांनी शब्द दिला. पंधरात आठ म्हणजे काम झालं. आमच्याकडे कोर्टात खोटं बोलतील, पोलिसांशी तर बोलायलाच हवं असं मानतील, पण रवळनाथापुढच्या नारळावर हात ठेवून कुणी फिरत नाही.

चार दिवसांनी तात्यांचा निरोप आला. बाबा मला म्हणाले, सर्टिफिकेटं घे आणि चल. होडीने आम्ही पलीकडे गेलो. तात्यांनी चहा दिला, खाजं दिलं, माझे मार्क वाचून "वा" म्हणाले. मग बाबांना घेऊन त्यांच्या गावच्या सातेरीच्या देवळात गेले. मी पायरीवर उभी होते, मला सगळं दिसत होतं. तिथेही एक नारळ होता. बाबांनी त्यावर हात ठेवला आणि आपलं मत तात्यांना असल्याचं सांगितलं. तात्या म्हणाले, "मग जागा तुमच्या मुलीचीच समजा." माझ्या छातीत आनंद मावेना आणि त्याच वेळी अलीकडचा नारळ आठवला.

परतताना होडी मध्यावर आली तेव्हा मी विचारलं, "बाबा, दोन देवांक एकच मत?"

बाबा वल्हं मारत होते, ते थांबले नाहीत. "देवाचो अधिकार शिमेपर्यंत," ते म्हणाले. "मत खंय घालूचा? आपल्या गावच्या शाळेत. म्हणजे रवळनाथाच्या शिमेत. पलीकडच्या सातेरीचा थयसर काय चालता? तो नारळ म्हणजे नुसतो नारळ. मत मी बाबलशेटाकच देतलंय. चिठ्ठीर नाव नसता, तात्याक कळूचा नाय. तुझी नोकरी झाली काय झाला."

"आणि देवांनी एकामेकांक सांगल्यानी तर?"

"देव म्हणजे काय पक्षातली माणसा?" बाबा हसले. मीही हसले. आमच्या भागात प्रत्येक गावाचा देव आपल्या हद्दीचा राजा असतो, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यायलो होतो. बाबांना वाटलं आपण एका माणसाला फसवतोय, देवाला नाही. आणि माणसाला फसवायला त्यांची ना नव्हती. घरी येऊन मी आईला काहीच सांगितलं नाही. बाळगोलाही नाही. माझा भाऊ बाळगो रापणीवर बाबांच्या शेजारी दोर ओढायचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, घरात कधी न चिडणारा तो एकटाच. त्याला सांगितलं असतं तर त्याने बाबांना अडवलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच सांगितलं नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी कळलं की जागा बदलली. आमच्या शाळेचं छप्पर काढलंय, दुरुस्ती चाललीय, म्हणून निरीक्षकांनी मतदान पलीकडे, तात्यांच्या संस्थेच्या हॉलमध्ये ठेवलं. छप्पर कुणी काढायला लावलं हे समजायला फार अक्कल लागत नव्हती. बाबांनी ते ऐकलं आणि ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी होडीत बसताना त्यांचा चेहरा मेलेल्या माणसासारखा होता. आईला वाटलं, पित्त झालंय. बाबा देवभोळे होते, तेच नडलं. लबाड असते तर त्यांनी दोन्ही नारळ गुंडाळून ठेवले असते आणि ज्यात फायदा तिथे चिठ्ठी टाकली असती. ते त्या हॉलमध्ये सातेरीच्या हद्दीत बसून तिचा शब्द मोडायला घाबरले. तात्यांना आठ, बाबलशेटला सात.

बाबलशेटने दुसऱ्याच सकाळी आठही जणांना रवळनाथाच्या देवळात बोलावलं. बोलावलं म्हणजे माणसं पाठवून आणवलं. रापणीचं सगळं गाव आधीच जमलं होतं. मी आणि बाळगो खांबाला टेकून उभे होतो. बाबलशेट शांतपणे म्हणाला, "आठ जणांनी हयसर शब्द दिल्यानी. मता सात पडली. एक खंय गेला, ता ज्येचा तेना सांगूचा." मग एकेकाला पुढे करून नारळावर हात ठेवायला लावला. सहाजण 'मी दिलंय' म्हणून बाजूला झाले. सातवे बाबा. खोटं बोलले असते तर आठव्यावर संशय राहिला असता आणि प्रकरण कदाचित विरून गेलं असतं. पण आता ते पुन्हा अलीकडे होते, रवळनाथाच्या हद्दीत.

"मी तात्याक दिलंय," बाबा म्हणाले. आणि मग त्यांनी खरोखरच समजावून सांगायला सुरुवात केली. मत कुठे पडलं, सीम कुठली, कुणाचा अधिकार कुठपर्यंत. "सातेरीच्या शिमेत मी तिचो शब्द मोडू कसो?" आमचे म्हातारे मानकरी, ज्यांना देवाचे सगळे रिवाज पाठ, त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "तसा बघूक गेला तर तेचा म्हणना अगदीच चुकीचा नाय." आज ते आठवलं की मला हसू येतं. तेव्हा नाही आलं.

"शीम गेली खड्ड्यात," विठूकाका म्हणाला. "कशासाठी दिलंस ता सांग."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, पण तेवढं पुरे झालं. विठूकाकाने देवापुढचा नारळ उचलला आणि तीन हातांवरून बाबांच्या छातीवर हाणला. असा आवाज झाला की मला वाटलं बरगडी मोडली, आणि ती मोडलीच होती. "चेडवाच्या नोकरेसाठी साठ घरांच्या पोटार पाय दिलंस," असं म्हणत तो अंगावर धावला. बाळगो मध्ये पडला, दोन मुस्काटीत खाल्ल्या आणि बाबांना ओढत बाहेर आणलं. पायऱ्या उतरेपर्यंत पाठीवर लाथा बसत होत्या. लाथा मारणारे लहानपणापासून आमच्या घरी पेज प्यायलेले.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. मग दाराआडची केरसुणी घेतली आणि बाबांना मारलं. आयुष्यात एकदाच. बाबा बरगडी धरून बसून राहिले, हात वर केला नाही. दमल्यावर ती माझ्याकडे वळली. "तुका म्हायत होता?"

"नाय," मी म्हणाले.

तिने केरसुणी खाली टाकली. मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी पेजेच्या वेळेला ते आले. पंचवीस-तीस असतील. काहींच्या हातात वल्ही, काहींच्या हातात काठ्या, पुढे विठूकाका आणि मागे बाबलशेटच्या कारखान्यावरचे चारजण. आधी त्यांनी किनाऱ्यावर बाबांच्या वाट्याचं जाळं कोयत्याने फाडलं. तो फाटण्याचा आवाज घरात ऐकू आला, आणि बाबा बरगडी विसरून बाहेर धावले. खळ्यातच त्यांना पाडलं. बांगड्याची सुपं उडाली, कावळे ओरडत वर गेले. आई उंबरठ्यावर उभी राहून एकेकाचं नाव घेऊन, त्याच्या आईचं नाव घेऊन, शिव्या देत होती. "शिरा पडो तुझ्या तोंडार, तुझ्या बारश्याक मी घुगरे वाटलंय," असं ती ज्याला म्हणत होती, त्याने तिला ढकलून भिंतीवर आपटलं. विठूकाका घरात शिरला. बहुधा पक्षाचे कागद, रापणीची वही, असलं काही हवं असेल. मी चुलीपाशी होते. पेजेचा टोप उकळत होता. मी फडकंही घेतलं नाही, दोन्ही कान तसेच धरले आणि टोप त्याच्या अंगावर रिकामा केला.

ती किंकाळी मी विसरलेले नाही. छातीपासून मांडीपर्यंत कातडी सोललेला तो माणूस खळ्यात लोळायला लागला. माझ्या तळव्यांवरचे चट्टे अजून आहेत. भाकरी थापताना पाहुण्यांना दिसतात. मला त्या क्षणी दुःख झालं नाही, हेही लिहिते. फार बरं वाटलं. पण त्या किंकाळीने बाहेरचे लोक बिथरले. आतापर्यंत ते मारत होते, आता त्यांना जीव घ्यायचा होता. वल्ही वर गेली. बाळगो बाबांच्या अंगावर पालथा पडला आणि तोंड वर करून म्हणाला, "पुरे करा रे, माझो बापूस मरात." तेवढ्यात कुणीतरी फुटका चिरा फेकला. मुठीएवढा, लाल. तो त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. बाळगो ओरडला नाही. हात डोळ्याकडे नेला आणि बोटांमधून जे आलं ते पाहून सगळे थांबले. एकेक करून मागे सरले, विठूकाकाला उचललं आणि गेले. चिरा फेकणारा कोण, ते मी पाहिलं होतं. नाव लिहीत नाही. त्याची सून माझ्याकडे भाकऱ्या करते, आणि तिचा ह्यात काही दोष नाही.

मालवणहून ओरोस, ओरोसहून कोल्हापूर. डोळा गेला. तिथून परत आलो तेव्हा हवालदार घरी आला, खाटेवर बसून म्हणाला, "तक्रार कुणाविरुद्ध द्यायची आहे? नावं सांगा." बाबांना सगळी नावं पाठ होती. पण आदल्याच दिवशी तात्यांचा माणूस येऊन सांगून गेला होता: नावं घेऊ नका, निवडणुकीच्या तोंडावर पक्षाची बदनामी नको, पुढच्या महिन्यात मुलीची ऑर्डर निघते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाळगोच्या पट्टीकडे पाहिलं आणि हवालदाराला म्हणाले, "गर्दी होती. ओळखता नाय आले." आईने पदर तोंडात कोंबला. मी तेव्हाही गप्प राहिले. बाळगोचा डोळा गेलाच होता, माझी नोकरी अजून जायची होती. माझ्या मनाने हा हिशेब इतक्या झटकन केला की मला माझीच किळस आली. पण गप्प राहिले.

मग बाबलशेटने अपक्ष उभं राहण्याची हूल उठवली, आणि आठ दिवसांत तात्यांची जीप त्याच्या दारात उभी राहिली. काय ठरलं ते कुणी सांगितलं नाही, पण दिसत गेलं. बाबलशेट मच्छीमार सोसायटीचा चेअरमन झाला. त्याचे ट्रॉलर पुन्हा किनाऱ्याला घासून जायला लागले, आणि आता तक्रार करायची कुणाकडे, दोघे एकाच जीपमध्ये. आणि प्राथमिकच्या जागेवर बाबलशेटची भाची रुजू झाली. मी सर्टिफिकेटांची पिशवी घेऊन एकटीच पलीकडे गेले. तात्या खुर्चीत बसले होते, चहा आला. "राजकारणात थोडं मागेपुढे होतं, बाळ," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी नक्की बघू. तुझ्या भावाचं ऐकून वाईट वाटलं." मी कप उचलून त्यांच्या मागच्या भिंतीवर फोडला. चहा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उडाला. त्यांनी रुमालाने पुसला आणि शिपायाला म्हणाले, हिला होडीपर्यंत सोडून ये.

प्रचाराचा नारळ आमच्या रवळनाथाकडेच फुटायचा होता. तात्यांना आमच्या गावातली मतं हवी होती, म्हणून बाबलशेटनेच तो घाट घातला. सकाळपासून देवळाभोवती झेंडे, गाड्या, आणि आमची सगळी रापण हजर. कशी नसणार? जीपमधून माणसं जाऊन एकेकाला घेऊन येत होती. विठूकाका छातीला तेलाची पट्टी लावून, सदऱ्याशिवाय, बाजूला बसला होता. मी आणि बाळगो आईबरोबर गेलो. आई का निघाली ते तिने सांगितलं नाही. बाबा आमच्या मागून वीस पावलं अंतर ठेवून आले आणि देवळाबाहेर माडाला टेकून उभे राहिले. नारळाचा मार खाल्ल्यापासून त्यांनी देवळाची पायरी चढली नव्हती.

आमच्याकडे कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. मानकरी नारळ घेऊन उभे राहतात आणि देवाला मोठ्याने सगळं सांगतात, आणि प्रत्येक वाक्याला जमलेला गाव एका तोंडाने 'व्हय म्हाराजा' म्हणतो. बोलणारा काय बोलतोय हे त्या वेळी कुणी ऐकत नाही. लहानपणापासून जिभेला वळण पडलेलं असतं. आवाज खाली आला की तोंडातून आपोआप होकार निघतो. म्हाताऱ्या मानकऱ्यांनी सुरुवात केली, तात्या आणि बाबलशेट पुढे हात जोडून उभे, डोळे मिटलेले. दोन-तीन वाक्यं झाली, आणि मानकऱ्यांना खोकल्याची उबळ आली. ते थांबले. आई पुढे गेली. तिने त्यांच्या हातातला नारळ घेतला. बाईने गाऱ्हाणं घालायचा रिवाज नाही, आणि म्हणूनच तिला अडवायचं हे कुणाला सुचलं नाही.

"बा देवा रवळनाथा, बारा वहिवाटीच्या म्हाराजा," आई म्हणाली. बाजारात गिऱ्हाईक बोलवायचा तिचा आवाज, त्याने देऊळ भरून गेलं. "आज तुझ्या दारात ही दोन मोठी माणसा एका जागेर उभी आसत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

"ह्येंच्या भांडणात माझ्या झिलाचो डोळो गेलो, आणि ह्येंचा भांडान मिटला रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ज्येनी चिरो मारल्यान, ज्येनी मारूक सांगल्यान, आणि ज्येका सगळा म्हायत आसान जो गप रवलो, तेंच्या डोळ्यांची राखण तू करू नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." तात्या म्हणाले, बाबलशेट म्हणाला, चिरा मारणारा माझ्या उजव्या हाताला उभा होता, तोही म्हणाला. माझे ओठ हलले, आवाज फुटला नाही. मग एकेकाचे डोळे उघडत गेले. आपण काय म्हटलं ते लोकांना कळलं. बाबलशेटचे जोडलेले हात तसेच राहिले. विठूकाका उठून उभा राहिला. बाळगोने माझं मनगट धरलं.

आईचं संपलं नव्हतं. तिने नारळ आणखी वर उचलला. "आणि ज्या माणसान एक मत दोन देवांक इकल्यान," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा फाटला, "तो माझो घोव आसलो तरी, तेकाव सोडू नको रे म्हाराजा."

गाव गप्प. ह्या वेळी सगळे ऐकत होते, आणि होकार द्यायला कुणाचंच तोंड उघडेना. ज्यांनी बाबांच्या पाठीत लाथा घातल्या होत्या, तेसुद्धा खाली बघत होते. आई नारळ धरून वाट पाहत राहिली. होकार आल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही आणि नारळ खाली येत नाही.

मग देवळाबाहेरून, माडाच्या बाजूने, एकट्याचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले.